धरमसिंगाचं सरतं वरीस

धरमसिंग : …आन् त्या बाहुलीनं असे दात काढले, का हरिसिंगाच्या म्हशीनं आठ दिवस दूधच देल्लं नाही. ल्ही!

जया : दादा, दातवाल्या बाहुलीचं खूळ खरं आहे. पंचवीस साली पोरंसोरं त्या बाहुल्या बॅगेले लटकवून फिरत होते. म्हशीचं खोटं.

धरमसिंग : लोकाइले म्हैसच आवडते. उद्या होळीची लेंगी गाऊन झाली का नायकाच्या अंगणात साऱ्या तांड्यापुढं सरतं वरीस कोण सांगते? मी. पन्नास वर्सं झाले. एकदा तरी खरं सांगतलं का?

सुखीबाई : एकदा सांगतलं. आपल्या लग्नाच्या दिवशी. म्हणे, मले कामधंदा जमत नाही.

धरमसिंग : थे कबुली होती, गोष्ट नाही. वाच नातीबाई, तुह्या कागदावरचं पुढचं.

जया : नागपूरच्या पोरीनं बुद्धिबळाचा वर्ल्डकप जिंकला.

धरमसिंग : तिचा घोडा आपल्याच तांड्यातून गेलता! अडीच घरंच काहून चालते सांग? तिसऱ्या घरी किसनसिंगाचं कुत्रं बसलं होतं.

जया : नोव्हेंबरात क्रिकेटचा वर्ल्डकपबी पोरींनीच आणला.

धरमसिंग : त्यातला एक छक्का उमरखेडच्या एसटी स्टँडवर येऊन पडला. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं, खिडकीजवळ बसवलं आन् परत मुंबईले धाडून देल्लं.

जया : हळू दादा, हात दुखून राह्यला लिहून! मंग त्या सप्टेंबरातल्या फोटोंचं. मोबाइलमध्ये फोटो टाकला का मशीन जुन्या जमान्यातली साडी नेसवत होती.

सुखीबाई : माहाबी काढला होता शेजारच्या वर्षानं. मले गुलाबी साडी! आन् माही घागरा-चोळी, फेटिया-कांचळी कुठं गेली? हातातले चुडे कुठं गेले? मी म्हटलं, या मशिनीले तांड्यात आणा, मी नेसवून दाखवते.

धरमसिंग : मी त्या फोटोतल्या बाईच्या प्रेमात पडलो. तीन दिवस हिच्याशी बोललो नाही.

सुखीबाई : थे तीन दिवस लय सुखाचे गेले.

जया : आता जानेवारी. आधी सोडलं होतं. थायलंडात बाईचं बाईशी, माणसाचं माणसाशी लग्न कायद्यानं सुरू झालं. एकेका दिवशी शेकड्यानं जोडपे लग्नाले उभे राह्यले.

धरमसिंग : वरातीत हत्ती होते का?

जया : दादा, हे खरं आहे.

धरमसिंग : हत्तीबी खरेच असतीन. तिथं लय आहेत. ल्ही, चाळीस हत्ती.

जया : आन् मे महिन्यात आपल्या मद्रासच्या हायकोर्टानं म्हटलं, अशा दोघींले लग्न करता येत नसलं तरी कुटुंब करता येते. आपण निवडलेलं कुटुंब.

धरमसिंग : आपल्या देशात?

जया : आपल्याच. लग्न नाही अजून. पण कुटुंब होते म्हणे.

धरमसिंग : पोरी, कागदाची घडी काहून करून राह्यली? संपलं का?

जया : एकच ओळ राह्यली. वाचू?

धरमसिंग : वाच.

जया : “धरमसिंगाची नात जया यवतमाळात प्राचीसंगं राह्यते. मैत्रीण म्हणून नाही. घर म्हणून.”

सुखीबाई : कोण प्राची? दिवाळीले आलती थे? कोर्टातल्या नीळकंठबाबूची पोरगी?

जया : हाव दादी.

सुखीबाई : माह्या हातची भाजी खाऊन जिच्या नाकाडोळ्यातून पाणी गळत होतं?

जया : तीच.

सुखीबाई : रडत रडत खाल्ली, पण ताटात काही टाकलं नाही छोरीनं.

जया : दादा, तुम्ही हे गपांच्या मधात घाला. छक्का झाला, हत्ती झाले, का लगेच हे. लोक हसले तर हसले. कोणी बोंबललं तर म्हणता येते, म्हाताऱ्याची गप होती.

धरमसिंग : नाही घालत.

जया : लाज वाटते माही?

धरमसिंग : चाळीस हत्तींची नाही वाटली, तुही कायले वाटंन? ऐक. एका होळीले मी गोष्ट सांगून राह्यलो होतो. मधातच वर पाह्यलं, डोंगराकडं अवकाळी पावसानं काळंकुट्ट झालं होतं. मी ओरडलो, “नाल्याले पूर येऊन राह्यला, उठा!” साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आन् नायकाची, देवीलालची, नवी बैलगाडी गेली वाहून. कळलं? माह्या तोंडातून गेलं का खरंबी खोटं होते. तुह्यं घर मी खोटं करू?

जया : मंग करू काय?

धरमसिंग : तू सांग. मी घोड्यावरून, हत्तीवरून खाली उतरतो, तुले उभं करतो, आन् बाजूले बसतो. गप.

सुखीबाई : तुम्ही? गप?

धरमसिंग : सारे माह्याकडं पाहतीन, आता म्हातारा काय जोडते. मी काहीच जोडणार नाही. हूंबी नाही.

जया : आन् देवीलाल नायकानं विचारलं, हे खरं का खोटं, तर?

धरमसिंग : त्याले म्हण, बैलगाडी आठवते का?

जया : दादा!

धरमसिंग : हास, हास. आन् आता म्हणून पाह्य. कागद ठेव खाली. तांडा पुढं बसला आहे असं समज.

जया : मी जया. यवतमाळात प्राची आन् मी राह्यतो. थे माह्यं घर आहे.

(धरमसिंग काहीच बोलत नाही.)

जया : दादी, पाह्यलं?

सुखीबाई : पाह्यलं. तिले फोन कर. सकाळच्या गाडीनं ये म्हणाव. मिरची कमी टाकते.