सासरेबुवांचं माप

...आणि वर नवरा मलाच विचारतो, ‘तूच आणायला लावल्यास ना तांब्याच्या गोळ्या?’ हो, लावल्या! शिशाच्या गोळीने मारलेल्या मूसच्या, त्या थोराड रानहरणाच्या, मांसात शिशाचा चुरा राहतो, आणि तेच मांस माझ्या दोन दातांच्या बाळाला, चिकिगाकला भरवायचं? पण तुम्हाला सांगते, गोळी बदलली की बंदुकीची दारूही मोजून कमी करावी लागते हो! तांबं शिशाहून हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब, ती काडतुसात खोल घुसते, दारूला जागा उरत नाही, दाब चढतो... गोळ्यांच्या डब्यावर स्वच्छ लिहिलंय! बंदुकीची नळी आधी घासून घ्या, तेही लिहिलंय! पण माझं कोण ऐकतंय?

आमचा वासिली दारू भरतो कशाने? तर बाबांच्या मापाने! माप म्हणजे कापलेलं जुनं काडतूस, त्याला शिंगाची मूठ. सासरे जन्मभर त्याने शिशाच्या गोळ्या भरत आले, आता तेच माप तांब्याला! काल नदीवर बार काढला, तर बोल्टच उघडेना! लाकडाने ठोकून उघडला. ‘थंडीने धरलाय,’ म्हणे. थंडी? शर्ट घामाने भिजलेला! अहो, ती बंदूक तोंडाशी फुटली म्हणजे?

ते माप टाकून द्या म्हटलं, तर सासूबाई फणकारल्या, ‘ह्यांच्या मापाला हात लावायचा नाही!’ ह्यांच्या म्हणजे माझ्या मुलाच्या! आमच्या बर्फाळ मुलखातली रीतच ती, गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की गेलेला माणूस परत आला; आणि चिकिगाक हे माझ्या गेलेल्या सासऱ्यांचंच नाव. सासूबाई लंगोट बदलताना म्हणतात, ‘अहो, पाय सरळ करा ना!’ नवरा पोटच्या पोराला ‘बाबा’ म्हणतो. आणि माझं कोण ऐकतंय?

माझं डोकंच फिरलं! माप धुतलं, पुसलं, बाळाच्या हातात दिलं. ‘विचारा ह्यांनाच!’

त्याने ते भिरकावलं, थेट सीलच्या तेलाच्या बादलीत. डुबुक!

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘वासिली, नको म्हणतायत रे ते.’ आणि हा घोडा मान खाली घालून, ‘बरं, बाबा!’ डबा मागितला, वाचला, दारू कमी केली! मी घसा फोडला तेव्हा कान नव्हते ह्याला?

‘पण बाबा, नळी कोण घासणार?’ ह्याने विचारलं. बाळाने दोन्ही हात माझ्याकडे पसरले... अहो, दूध हवं होतं त्याला, दूध! पण सांगणार कुणाला?

बसलेय घासत. औषधात भिजवून चिंधी घालावी तर आतलं तांबं सुटून निळीच बाहेर येते, बोटंही निळी झाली... सासरेबुवा दूध पिऊन झोपलेत. त्यांना उठवू नका, आणखी काहीतरी सांगतील!