घेते कुठे? लावते!

नाही पण तुम्हीच सांगा, डॉक्टरने विचारलं ‘औषध घेता का’, तर माणूस जे घेतो तेच सांगणार ना? मग माझं चुकलं कुठे? आणि पोटची पोर भर दवाखान्यात कपाळावर हात मारून म्हणते, “आई, धन्य आहेस!”

तुम्हाला सांगते, मी कँटीनमध्ये भांडी घासते. बोटांचे सांधे असे धरलेत की सकाळी मूठ मिटत नाही. त्याला सांध्यांच्या डॉक्टरची गोळी, आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस ती आत बसून काय करते, देव जाणे! आणि साबणाने हातांवर पुरळ उठलं, खाज अशी की भिंतीला हात घासावेत... त्याला कातडीच्या डॉक्टरचं मलम. दोन दुखणी, दोन डॉक्टर, मी आपली बिनघोर. तर लेकीने ट्यूबवरचं वाचलं आणि किंचाळली, “अगं, यात स्टेरॉइड आहे! तुझ्या गोळीबरोबर चालतं का?”

झालं! डोक्यात किडा वळवळायला लागला. गोळी जाते तोंडातून, मलम जातं कातडीतून... पण आत त्यांची गाठ पडते की नाही? आणि पडलीच, तर गुण्यागोविंदाने राहतात की एकमेकांच्या झिंज्या उपटतात? घर तर माझंच ना ते!

औषधाच्या दुकानदाराला विचारलं. “डॉक्टरांना विचारा, ताई.” कातडीवाल्याला विचारलं. “त्या डॉक्टरांना विचारा.” अरे, मी काय चेंडू आहे? साधं विचारतेय, आत त्यांची गाठ पडते की नाही?

शेवटी लेकीला घेऊन गेले सांध्यांच्या डॉक्टरकडे. मी तोंड उघडायच्या आत त्यांचंच सुरू, “दुसरं काही औषध घेता?”

“नाही.”

“नक्की?”

“लेकीची शपथ!”

“छान.”

“आता माझं ऐका. हाताला मलम लावते ना, ते आणि तुमची गोळी, आत त्यांची गाठ पडते की नाही?”

“कसलं मलम? आत्ता तर नाही म्हणालात!”

“घेत नाही हो! लावते!”

तर लेकीचा तो कपाळावर हात. आता मलम काय पाण्याबरोबर गिळतात? घेतात ती गोळी, लावतात ते मलम, शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या बाईलाही कळतं!

“किती लावता?”

“चांगलं थापून. हात कशाला आखडायचा?”

“पुरळावरच ना?”

“आणि सांध्यांवर. हाताशी आहेच तर...”

“मग?”

“मग काय, रबराचे हातमोजे चढवते नि बसते घासायला.”

चष्मा काढला हो त्यांनी! “बाई, वरून मोजे म्हणजे मलम कोंडून आत घालताय तुम्ही! आणि हे बोटाला काय झालं?”

इथे माझी पाचावर धारण बसली. बोटं मिटत नाहीत म्हणून ग्लास निसटला होता, काच घुसली, आणि जखम काही केल्या भरेना. कँटीनच्या मालकीणबाईंनी बजावलंय, “आणखी एक फुटला तर घरी बसा.” म्हणून लपवत होते. डॉक्टरने दाबलं, मी ओरडले, बिंग फुटलं.

“हे पिकलंय. ऐका, ती दोघं भांडत नाहीत. पण गोळी अंगातल्या पहारेकऱ्याला निजवते, मलमही निजवतं. पहारेकरीच पेंगला तर जखमेत घाण शिरणार नाही तर काय?”

“म्हणजे गाठ पडते!” मी टाळीच वाजवली... वाजली नाही, बोटं कुठे जुळतात! पण काय कोडं सुटलं म्हणून सांगू! “आणि तो पहारेकरी बसतो कुठे हो? रक्तात की हाडात? आणि माझाच पहारेकरी, तर माझ्याच सांध्यांवर लाठी का चालवतो मेला?”

“आई, पुरे!”

डॉक्टर म्हणाले, “जखम भरेपर्यंत गोळी बंद, मलम बंद, पाण्यात हात बंद. जखमेसाठी वेगळी गोळी देतो.”

“आणि काम?”

“तेही बंद.”

आता भांडीवाली बाई पाण्यात हात घालणार नाही, तर मालकीण ठेवेल का हो? तसं बोलून दाखवलं, तर डॉक्टर कसे गोड हसून म्हणतात, “बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका.”

घ्या! लावायचं पण, घ्यायचं पण! आता हे कोणत्या डॉक्टरच्या खात्यात येतं, कुणाला विचारू?