चारशे बाराव्या पानावरचा नावाडी

विश्वंभर : चारशे बारा! पान चारशे बारावर नावाडीबुवा चक्क बुडालाय, पद्मा.

पद्मा : अहो, काल डॉक्टर काय म्हणाले? "काका, हवे धीमे धीमे वांचजो." हळूहळू वाचा म्हणाले ना? डोळ्याला कुठं आराम पडतोय, तर लगेच चारशे पानांवर उडी!

विश्वंभर : त्या घाटातलं बुवाचं बोलणं परत चाखायचं होतं. शोधून थकलो. पुढच्या पाचशे पानांत त्याचं नावसुद्धा नाही. मग तीन आठवडे पालथा पडून मी ऐकत होतो, तो कोण?

पद्मा : तो... मीच.

विश्वंभर : म्हणजे?

पद्मा : पुस्तक इंग्रजी, सांगायचं मी मराठीत. पडद्याच्या ऑपरेशनात तुमच्या डोळ्यात हवा भरलेली, तोंड उशीत, मी खाली पाटावर. "आजोबांचा वेळ जाईल" म्हणून आपल्या नातीनं, अहल्येनं, गोत्रीच्या तिच्या घरून हा हजार पानांचा धोंडा आणून दिला. त्यात तुम्हांला जीव लागला तो एका म्हाताऱ्या नावाड्याचा. आठव्या दिवशी तो बुडाला. आणि त्याच सकाळी तुम्ही म्हणाला होतात, डोळा गेला तर मला जगायचंच नाही.

विश्वंभर : म्हणून त्याला बाहेर काढलास?

पद्मा : एका फळीला धरून. मग जाईचना हो तो! सकाळी चहा पितानाच तुम्ही विचारायचात, आज बुवा काय करतोय?

विश्वंभर : तरीच! बर्फातल्या किल्ल्यावर बसून त्यानं आपली इथली सेव-उसळ खाल्ली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पद्मा : मला वाटलं, आता पकडली जाणार. तर तुम्ही विचारलंत, पाव किती खाल्ले?

विश्वंभर : आणि राणीला होडी विकताना आपल्या मांडवी बाजारातल्या दुकानदारासारखी घासाघीस?

पद्मा : तीही माझीच. बाकी युद्धं, शाप, ते उडते सर्प, सगळं जसंच्या तसं. तुमची शपथ.

विश्वंभर : पद्मा, हसतोय मी, पण आता एक भीती वाटतेय.

पद्मा : का हो? डोळा दुखतोय?

विश्वंभर : कालचा रिपोर्ट. तोही इंग्रजी होता, आणि तोही तूच मराठीत सांगितलास. डाव्या डोळ्याचा पडदा जागेवर बसला, उजवा डोळा चांगला आहे, सहा महिन्यांनी दाखवा.

पद्मा : अगंबाई! डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणाले की सगळं छान आहे, "बधुं सारुं छे."

विश्वंभर : ते सगळ्यांशीच गोड बोलतात. बुडालेल्या माणसाला पाचशे पानं चालवणारी बाई तू. नवऱ्याचा डोळा तीन ओळी चालवणं तुला काय जड आहे?

पद्मा : असं वाटतं तुम्हांला?

विश्वंभर : वाटू नये, असं फार वाटतंय. छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो. नुसतं दुसऱ्याच्या सांगण्यावर झेंडी दाखवली नाही कधी. कुठाय तो कागद?

पद्मा : थांबा, आणते. हे घ्या. भिंग पण घ्या. मी एक अक्षर बोलणार नाही.

(पद्मा खिडकीशी जाऊन उभी राहिली. कागदावर काय आहे ते तिला पाठ होतं, तरी ती खिडकीचा गज घट्ट धरून होती.)

विश्वंभर : लेफ्ट आय... रेटिना अटॅच्ड. हे कळतं मला. राइट आय... थांब, अक्षर नाचतंय... नॉर्मल. नॉर्मलच ना हे? हो. रिव्ह्यू आफ्टर सिक्स मंथ्स. खाली सही.

पद्मा : झालं?

विश्वंभर : झालं. शब्दाला शब्द. पदरचं काहीच घातलं नाहीस.

पद्मा : घालायची वेळ आली नाही, देवाची कृपा. आली असती तर काय केलं असतं, ते मला विचारू नका.

विश्वंभर : नाही विचारत. अगं, आता कसली रडतेस? सुटलो आपण.

पद्मा : सुटलो म्हणूनच. तीन आठवडे रडायलाही फुरसत नव्हती, रोज त्या मेल्या बुवासाठी काहीतरी नवीन शोधायचं!

विश्वंभर : ये, बस इथं. आता पाटावर नको, खुर्चीवर. शेवटची नव्वद पानं राहिलीत.

पद्मा : मग वाचा की आता तुमचं तुम्ही. डोळे आलेत ना परत?

विश्वंभर : आलेत. पण मी वाचलं तर त्यात बुवा नसणार.