गुरुवारचे चौसष्ट किलोमीटर

—नाही नाही, मी बसतो की इथेच. मला कुठे जायचंय? ती गेलीये समोर चष्म्याच्या दुकानात, तिला अर्धा तास तरी लागणार, फ्रेम निवडायची म्हणजे आमची ही आरशासमोरून हलत नाही—तुम्ही तुमचं काम करा, मिस्त्री, मी नुसता बघतो. बघितलेलं चालतं ना? नाही, काही लोकांना चालत नाही. एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचत घरोघरी फिरलोय मी—ज्याला बघितलेलं चालत नाही त्याच्या नळात काहीतरी भानगड असते. तुम्हाला नाही म्हणत हो. पण मला एक सांगा, या जुन्या टायरांना काय धाड भरलीये? नक्षी अजून चांगली खोल आहे, सकाळीच बोट घालून बघितलं मी. तरी हिला मोठेच हवेत—दोन बोटं उंच, दगडमातीत चालणारे. आणि स्टेपनी? तीसुद्धा ती बारकी, कामचलाऊ नको, पूर्ण मापाची हवी, चारांसारखीच पाचवी. कशासाठी? ही जाते कुठे, तर भाजी आणायला, बँकेत आणि गुरुवारी बहिणीकडे. एवढ्यासाठी डोंगर चढायचे टायर? तुम्हीच सांगा. नका सांगू—तुम्ही विकणारे, तुम्ही कशाला सांगाल.

गाडी तीच चालवते. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण समोरून दिवे आले की अजून सगळं फाकल्यासारखं दिसतं, म्हणून मी सोडली. मात्र संध्याकाळी गाडी दारात लागली की खाली उतरून मीटर बघतो. रोज. संशय नाही हो, सवय. छोटी वही आहे, तीत टिपून ठेवतो. आता बघा, बहिणीचं घर आमच्यापासून अकरा किलोमीटर. जाऊन-येऊन बावीस, बरोबर? आणि दर गुरुवारी मीटर किती पुढे जातो? शहाऐंशी! एखाद्या गुरुवारी नाही, गेलं दीड वर्ष. मग मधले चौसष्ट कुठले? आणि टायरच्या खाचांत लाल खडी—आमच्या रस्त्याला लाल खडी नाही, बहिणीच्याही नाही, मी स्वतः जाऊन बघून आलोय. चार खडे काढून डबीत ठेवलेत. हसताय काय? काय म्हणालात, विचारलं का तिला? नाही विचारलं. विचारलं तर सांगेल ना ती.

—काय? परत बोला. मोठा टायर लावला की मीटर कमी दाखवतो? असं कसं होईल, मीटर म्हणजे मीटर—थांबा, थांबा. चाक मोठं झालं, एका फेरीत जास्त अंतर गेलं, आणि मीटर मोजतो नुसत्या फेऱ्या. खरंच की. म्हणजे गाडी शंभर गेली तर हा दाखवणार पंच्याण्णव! बघा, मी म्हणत नव्हतो? आणि हे हिला ठाऊक नाही असं म्हणायचंय तुम्हाला? कुणी शिकवलं हिला? तुम्ही? कारण मघाशी तुम्ही तिला ‘काकू’ म्हणालात. आमच्या घरापासून इथे येईपर्यंत चार टायरवाले लागतात, त्या चौघांना सोडून ही सरळ तुमच्याकडे येते आणि तुम्ही फडकं घेऊन तिची खुर्ची पुसता. पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाची खुर्ची कोण पुसतं हो? माझी नाही पुसलीत. कधीपासूनची ओळख आहे?

पंक्चर? कधी? मे महिन्यात, बरं, आणि वार कोणता—गुरुवारच ना, मला वाटलंच. मग ती बारकी स्टेपनी लावली आणि पुढच्या खडीत तीही फाटली. किती वेळ? तीन तास? उन्हात, एकटी? आणि रस्त्याकडेच्या पाटीवरचा नंबर बघून तिने फोन केला तो तुम्हाला. अनोळखी माणसाला. मला नाही. मी घरीच होतो हो, पंख्याखाली पडलो होतो, फोन उशाशी होता माझ्या. आठवतो मला तो दिवस—आली तेव्हा चेहरा लालभडक, मी म्हटलं काय झालं, तर म्हणे बहिणीची गच्ची झाडून दिली. आणि मी काय केलं? पाणी दिलं का तिला? मीटर बघायला खाली गेलो.

खाणीच्या पुढचा फाटा, म्हणता. हं. तिथे एक रोपवाटिका आहे, माझी मुलगी आणि जावई चालवतात. म्हणजे मला माहीतच होतं असं नाही—अंदाज होता. अंदाज वेगळा आणि रीडिंग वेगळं. चार वर्षं झाली, मुलगी बोलत नाही माझ्याशी. मी बोलायला कधीही तयार आहे, तीच नाही. काय झालं म्हणजे, काही नाही, माझं घड्याळ हरवलं, निवृत्तीच्या वेळी ऑफिसने दिलेलं. जावई दोन दिवस राहायला आलेला, दुपारचा झोपला होता, तेव्हा मी त्याची बॅग बघितली. नुसती बघितली हो! शर्ट, दाढीचं सामान, बियांच्या पुड्या—आणि मान वर केली तर मुलगी दारात उभी. तिने त्याला उठवलं आणि तासाभरात दोघं गेली. घड्याळ? सापडलं की. महिन्याभराने पाऊस सुरू झाला तेव्हा सापडलं, माझ्याच रेनकोटच्या आतल्या खिशात. नाही, कुणाला नाही सांगितलं. हिलाही नाही. कसं सांगणार? हातात घातलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून ट्रंकेत तळाशी ठेवलंय. तुमच्याजवळ का बोललो कोण जाणे. तुम्ही गप्प बसता म्हणून माणूस बोलत सुटतो, ही तुमची युक्ती आहे काय?

ते राहू दे. ही मोठी स्टेपनी खालच्या खड्ड्यात मावत नाही ना? मग मागच्या दारावर बसवा, आत ठेवून जागा अडवू नका, ती तिकडे काहीबाही नेत असेल. आणि स्टेअरिंग पुरतं वळवून बघितलंत का? चाक कुठे आत घासत नाही ना? दोन्ही बाजूंना बघा. त्या रस्त्याला दरी आहे? आहे? मग परत बघा, माझ्यासमोर बघा. नटही पुन्हा आवळा. आवळलेत ते माहीत आहे मला, तरी आवळा.

म्हणजे त्या दिवशी तुम्ही वर घरापर्यंत गेला होतात. हिला पोचवायला. मग मुलगी दिसली असेल. बरी होती? बारीक झालीये का? हसत होती, म्हणता—हिला बघून हसत होती. बरं. आणि काय? कडेवर? कुणाच्या कडेवर? काय बोलताय मिस्त्री तुम्ही! केवढी आहे? माझ्या—नाही, थांबा. मला कुणी काही... दीड वर्ष. दर गुरुवारी जाऊन ही तिला मांडीवर खेळवून येते आणि मी खाली खडे वेचत बसतो. चालायला लागली? धरून धरून? काय नाव—नको! नाव नका सांगू. नको म्हटलं ना. ते मी हिच्याकडून ऐकेन. विचारेन मी, तोंडाने विचारेन, आजच. आधी घड्याळाचं सांगेन, मग विचारेन.

आली. आली ती, रस्ता ओलांडतेय. डोळे पुसायला फडकं द्या ते, तेलकट असू दे. तुम्ही मला काही बोलला नाहीत. खाली वाका, मिस्त्री, पान्हा घ्या हातात.