पट्ट्यावर अंगठा

—न्हाय न्हाय, चन्नवीरअण्णा, वासावर जाऊ नका. वासाचं काय, तेल चोळलं की कुटल्याबी कातड्याला चांगला वास येतोय. मैंदर्गीपास्नं वस्तरा घासायचा पट्टा परत घ्यून आलाय न्हवं, मग आता नीट बघून न्या — त्यो जुना ऱ्हाऊ द्या तितंच पायरीवर, तुमी जरा सरकलात की उचलतो मी. हां. आता ह्यो नवा घ्या. दुमडा. दुमडल्यावर बारीक सुरकुती पडून लगीच गेली पायजे. मोठी वळी पडून तशीच ऱ्हायली तर समजायचं पोटाचं कातडं हाय — पोटाचं ढिलं असतंय, वस्तरा वढला की खाली दबतंय, धार मुडपती. पाठीचंच पायजे. म्हशीच्या पाठीचं, तरवडाच्या सालीत मुरवल्यालं. आता ते नवं पात्याचं यंत्र आलंय, गिरनीतलं बाबू घरीच दाढी घोटत्यात, त्यास्नी काय पट्टा आनि काय पाठ. जाऊ द्या.

मग अंगठा फिरवायचा, डोळं झाकून. ह्येच खरं, बाकी समद्या बोलायच्या गोष्टी. गोचीड चावल्याली जागा डोळ्याला दिसत न्हाय, अंगठ्याला लागती — मोहरीएवढी गाठ, पन धारंचा सत्यानास. फिरवा की. — मी? मी कशाला, मी केलाय की त्यो. घेनाऱ्यानंच फिरवायचा.

जुन्यात गाठ हाय म्हंता. पाटलाचं गालफाड कापलं? अरारा! कुटं हाय, बघू... व्हय व्हय, लागतीया की. हितंच न्हवं, कडंला? — न्हाय? वर? हां, वरच, वरच म्हनत हुतो मी. — आता तसं का बघताय अण्णा?

आमची कारभारीन फुला बघती हल्ली. दिवाळीपास्नं. मी कापतो, शिवतो, आनि फुला अंगठा फिरवती, मगच पट्टा भाईर. तुमचा गेला त्या आठवड्यात ती करकंबला गेली हुती, भनीकडं. मीच फिरवला. गुळगुळीत लागला. मला समदंच गुळगुळीत लागतंय — दगुडसुदीक. काय दुखत न्हाय हो, दुखलं असतं तर बरं झालं असतं. एक दिस फुलाला म्हनलं, मी डोळं झाकतो, तू आरी टोच अंगठ्याला, कळतंय का बघू. बसलो झाकून. म्हनलं, टोच की. म्हनलं, आगं टोच की, भ्यायाचं काय त्यात. तर तिचा हुंदकाच आयकू आला. डोळं उघडलं तर आरी अंगठ्यात उभी, आनि रगत पार मनगटापत्तूर. ती रडत बसली, मी आरी काढून पुसली आनि राहिल्यालं शिवान पुरं केलं. मला रडूबी न्हाय आलं. का न्हाय आलं, काय ठावं.

रगतपिती न्हवं ती, म्हारोगबिरोग काय न्हवं! नाव घेऊ नका तसलं. कोपराला एक चट्टा हाय फिक्कट, येवडाच. मिशनच्या दवाखान्यात जा म्हनती फुला. गेलो म्हंजे समद्या गावाला कळलंच की. मग आळीतली लोकं हितं ठेवतील व्हय आमाला? माजं जाऊ द्या, तिलाबी हाकलतील, तिला कायबी झालं न्हाय तरी. अण्णा, अक्कलकोटापत्तूरचं न्हावी माझाच पट्टा नेत्यात. तीस वर्सं तुमचा वस्तरा माझ्या पट्ट्यावर चालतोय, माझ्या गालावर कदी आला न्हाय — त्याचं काय न्हाय, रीतच हाय ती. पन ह्ये कुनाला बोलू नका. येवडंच मागतो. आजपास्नं फुलाच्या अंगठ्याखालनं गेल्याबिगर एकबी पट्टा देनार न्हाय, तिच्या गळ्याची आन.

आनि ह्यो नवा बेस हाय. पाठीचाच हाय. फुलानंच बघितलाय — खाली का ठेवलात? न्या की. तसाच न्या, माझ्याकडनं...

धोतराला हात पुसताय.

पुसा. पानी दिलं असतं, पन आमचं तुमाला चालत न्हाय. वाटंला वढा लागतोय, तितं धुवा. जावा.