अकरा टक्क्यांची मुलगी

...अकरा टक्के की बारा? अकराच असावेत, पण माझ्या आठवणीवर हल्ली मीच विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका! एवढं पक्कं, की ऑनलाइन वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे एक वर्तुळ असायचं आणि तो जितकं लक्ष देईल तितकं ते हिरवं होत जायचं म्हणे. म्हणे! चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं मी, डॉक्टरेट आहे त्यात, आणि हे टक्के मोजता कसे, एवढं विचारायची छाती झाली नाही. माझं चुकत असेल, पण तुम्हाला सांगतो, निवृत्त माणसाने घरात फळा टांगून बासष्ट काळ्या चौकोनांपुढे बोलत राहायचं म्हणजे बंद दाराची कडी वाजवत उभं राहणं... आत कुणी आहे की नाही, देव जाणे!

त्यातला एक, त्याला मी मनात 'शंभर टक्के' म्हणायचो, वर्तुळ कसं गच्च हिरवं! मी नुसता श्वास घ्यायला थांबलो तरी लिहायचा, "एकदम क्लिअर, सर!" अरे बाबा, अजून मी बोललोच नाही, क्लिअर काय झालं तुला? आणि यादीच्या तळाला ही. अकरा टक्के. हूं नाही की चूं नाही. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. हा कोर्स पास झाली तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेर घरी.

शेवटच्या दिवशी समन्वयकबाईंचा फोन. "सर, पाचला यादी बंद होते हं. चाळीसच्या खाली सगळे नापास. तुम्ही फक्त हो म्हणा."

"अहो, पण तिची उत्तरं..."

"उत्तरं काय, कुणीही कुणाकडून लिहून घेतं. वर्तुळ खोटं बोलत नाही, सर."

साडेचार वाजलेले. माझं चुकत असेल, म्हणून तिची उत्तरं पुन्हा उघडली. वहीत लिहून फोटो पाठवायची ती. सातव्या पाठाखाली, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात: "सर, सगळ्या शक्यतांची बेरीज एक यायला हवी ना? फळ्यावरच्या आकड्यांची एक पूर्णांक दोन दशांश येतेय. बहुतेक माझंच चुकतंय."

मी बेरीज केली. पुन्हा केली. उलटीकडून केली. आतून बायको, "अहो, किती वेळा कराल? ती काय तुमच्याकडे बघून बदलणार आहे?" नाही बदलली! फळ्यावर मीच चुकलो होतो, बासष्ट जणांपुढे! आणि शंभर टक्क्यांनी त्या पाठाखाली काय लिहिलं होतं? "एकदम क्लिअर, सर!"

तिला फोन लावला. "स... सर? नापास का मी?"

"आधी सांग, बेरीज चुकलीय हे तुला कळलं कसं?"

"केली, सर."

केली! लगेच बाईंना फोन लावला, हिला पास करायचंय म्हणून.

बाई म्हणाल्या, "निकाल बदलायचा तर शिक्षकाच्या मतात कारण लिहा. वरचे वाचतात हं, सर." पाचला चार मिनिटं! कारण काय लिहू? मी चुकलो आणि हिने पकडलं? पुढच्या सत्राला मग मला कोण बोलावतंय? लिहितोय, पुसतोय, घाम पुसतोय, पुन्हा लिहितोय... एक मिनिट उरलं असताना डोळे मिटून बटण दाबलं. ती पास झाली. मला काही परत बोलावणं आलं नाही.

सहा वर्षांनी त्याच बाई निवृत्त झाल्या, तेव्हा कुठे धीर करून विचारलं, ते वर्तुळ मोजायचं तरी काय? "काही नाही हो, सर. माऊस किती हलतो, तेवढंच." घ्या! वहीत लिहिणाऱ्या पोरीचा माऊस हलणार कसा? माझं चुकत असेल, म्हणून जुनी यादी मागून घेतली, बाईंकडची, सगळी नावं असलेली. अकराच टक्के होते, आठवण बरोबर निघाली! फक्त तळाला ती नव्हती. तिच्याखाली आणखी एक नाव होतं, नऊ टक्के... माऊस सोडून फळ्यावर लिहीत उभा असलेला मी! सबंध वर्गात सगळ्यात कमी लक्ष माझं. आणि त्या सातव्या पाठापुरतं तरी, तुम्हाला सांगतो, वर्तुळाचं काही चुकलं नव्हतं.