दगडीपाल्याचं कडं

आत्या : थांब, थांब. आधी मला सांग, पाला धुतलास तो धुतलास, वाळवलास का?

लेक : पुसला.

आत्या : पुसला! ती काय फरशी आहे? सावलीत दोन दिवस पसरून ठेवायचा, हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत. तू ओलाच वाटलास, ओलाच तेलात टाकलास. म्हणजे पाण्याचं मलम केलंस. त्याने काय जंतू मरणार? उलट आंघोळ करून ताजेतवाने झाले असतील.

लेक : अगदी तसंच झालं. माझ्या मलमाभोवती जास्तच जोमाने वाढले. सगळी प्रयोगशाळा हसली मला.

आत्या : हसू दे. मला तीस वर्षं हसतायत. ‘दगडीपाल्याची डॉक्टरीण.’ तुझा बाप तर दारावर पाटी लावून देणार होता. बरं, माझ्या बाटलीचं काय केलंस? चार महिने झाले नेऊन. टाचांच्या भेगांना चोपडून संपवली असशील.

लेक : त्याचंच सांगायला आले. हा फोटो बघ. चष्मा लाव आधी.

आत्या : लावलाय. ही काय, बशी?

लेक : बशीच म्हण. काचेची, आत घट्ट जेली. तिच्यावर जंतू पेरायचे. जखमेत पू करतात ते. मग मलमात भिजवलेली कागदाची टिकली मधोमध ठेवायची आणि एक दिवस अंगाइतक्या उबेत झाकून ठेवायची. हे सगळं दुधाळ दिसतंय ना, ते वाढलेले जंतू. आता टिकलीच्या भोवती बघ.

आत्या : भोवती काही नाहीच. मोकळं आहे.

लेक : तेच तर! त्या मोकळ्या जागेला आम्ही कडं म्हणतो. तिथे एकही जंतू वाढू शकला नाही. तुझ्या मलमामुळे.

आत्या : माझ्या?

लेक : अकरा मिलिमीटरचं कडं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा पडलं. नुसत्या तेलाची टिकली ठेवून बघितली, नुसत्या मेणाची बघितली. त्यांच्याभोवती काही नाही. म्हणजे जे काय आहे ते तुझ्या पाल्याचं आहे. आमच्या मॅडमनी स्वतः पट्टी लावून मोजलं.

आत्या : आयुष्यात कुणी सोन्याचं कडं केलं नाही मला. जंतूंनी केलं. हा फोटो मी ठेवू?

लेक : तुझ्यासाठीच आणलाय. पण आत्या, बाबांना दाखवू नकोस.

आत्या : वा गं! पहिला त्यालाच दाखवणार. नाकावर टिच्चून.

लेक : तू दाखवलास की ते दवाखान्यात कधीच जाणार नाहीत. आता तरी काय म्हणतात? ‘अक्काचं मलम आहे, मला कुठे जायला नको.’

आत्या : पायाला लागून दहाच दिवस तर झालेत. भरून येईल.

लेक : मी काल त्यांच्या डॉक्टरांना भेटले, मोबाइलवर पायाचा फोटो दाखवला. ते बोट काळं पडलंय. आज-उद्या दाखल झाले तर एका बोटावर निभावेल म्हणाले. आठवडा गेला तर घोट्यापासून पाय काढावा लागेल.

आत्या : डॉक्टर लोकांचं काय, घाबरवतात. अगं, त्याला दुखत नाही जराही. माझं साधं गणित आहे, ठणका थांबला की औषध लागू पडलं. तीस वर्षांत चुकलं नाही कधी.

लेक : मलम लावायच्या आधी दुखलं होतं का त्यांना?

आत्या : म्हणजे?

लेक : आरी पायावर पडली तेव्हा. पुस्तकं बांधताना पुठ्ठ्याला भोकं पाडायची आरी, एवढी टोकदार. ओरडले का?

आत्या : नाही. त्याला कळलंच नाही. फरशीवर लाल ठसे बघून मीच ओरडले. हा म्हणतो, शाई सांडली वाटतं.

लेक : आत्या, वीस वर्षांची साखर आहे त्यांना. पायाच्या नसा बधिर झाल्यात. जखम बरी झाली म्हणून दुखायचं थांबलेलं नाही. दुखतंय हे कळवणारंच तिथे कुणी उरलेलं नाही.

आत्या : परवा खळीचं गरम भांडं लवंडलं त्याच्या पायावर. मी किंचाळले, तर हा म्हणाला, एवढी खळ वाया गेली.

लेक : मग तू काय म्हणालीस?

आत्या : म्हटलं, बघ माझं मलम.

लेक : रडू नकोस गं.

आत्या : रडत नाहीये. चीड आलीय माझी मला. वास येतोय, पोरी. तीन दिवस झाले. पट्टी सोडताना मी आधी खिडकी उघडते, त्याला सांगते उकडतंय. नाकाला कळत होतं. मी नाकाचं ऐकलं नाही.

लेक : पण मलम खोटं नाही तुझं. बशीत जंतू टिकलीला चिकटून असतो, म्हणून कडं पडतं. बाबांच्या पायात तो खोल गेलाय, हाडापाशी. तिथवर रक्तच नीट पोचत नाही, मलम वरून कसं पोचणार? वरच्या जखमेचं औषध आहे ते. त्या जागी चांगलंच आहे.

आत्या : मला समजूत घालू नकोस. कळलं मला. त्याला हलवायचा कसा ते बोल. तुझ्या आजोबांचं, आमच्या अण्णांचं ठाऊक आहे ना तुला?

लेक : पायाला जखम झाली होती, एवढंच.

आत्या : याच पायाला, अशीच. हा दहा वर्षांचा होता. अण्णा याचा हात धरून, चालत दवाखान्यात गेले. परत चालत आले नाहीत. आलेच नाहीत. तेव्हापासून हा त्या पायऱ्या चढत नाही. तुझी आई होती तोवर ती तरी ओढून न्यायची. आणि मी हे मलम कशाला शिकले असं वाटतं तुला? हौस म्हणून?

लेक : मला कधी सांगितलं नाहीस.

आत्या : विचारलंस कधी? चल. मी सांगते त्याला, मलमात काही दम नाही. तुझ्या बशीत साफ नापास झालं.

लेक : आत्या, नको! अगं, तीस वर्षांनी कुणीतरी मोजून सांगितलंय की तू बरोबर होतीस. आणि तूच म्हणणार की नाही?

आत्या : मग काय, कडं घालून मिरवू? आणि तो कुबडी घेऊन बघेल? तू फक्त गप्प राहा. खोटं मी बोलते, तुझ्या शास्त्राला डाग नको.

(पुढची खोली. टेबलावर दाबून ठेवलेली पुस्तकं. बाबा सुईदोऱ्याने पानं शिवतायत, पट्टी बांधलेला पाय खोक्यावर.)

आत्या : धाकट्या, सुई खाली ठेव.

बाबा : एवढी शिवण होऊ दे, अक्का. मध्येच सोडली की पानं रुसतात. काय गं पोरी, आज सुट्टी? जंतूंना कोण खायला घालणार?

लेक : घालून आलेय, बाबा.

आत्या : माझ्या मलमाचा निकाल लागला.

बाबा : अरे वा! पेढे कुठायत?

आत्या : कसले पेढे. नापास झालं. पाला, तेल, मेण, बाकी काही नाही त्यात. जंतू ढिम्म हलले नाहीत. हिने तीन-तीनदा करून बघितलं. तेव्हा शर्ट बदल, दवाखान्यात जायचंय.

बाबा : नापास?

आत्या : साफ.

बाबा : खरं का गं पोरी?

आत्या : तिला काय विचारतोस? मी सांगतेय ना!

बाबा : म्हणून तर विचारतोय. अक्का, साठ वर्षं ओळखतो तुला. कुणी तुझ्या मलमाला नुसतं चिकट म्हटलं तरी दोन दिवस अबोला धरतेस. आज ते नापास झालं आणि तू अशी गरीब गाय होऊन उभी? पाठीमागे काय लपवलंयस?

आत्या : काही नाही.

बाबा : दाखव.

आत्या : म्हटलं ना, काही नाही.

बाबा : मग रिकामा हात दाखव. हं, आण इकडे. हे काय आहे? बशी दिसतेय.

लेक : कडं आहे, बाबा. अकरा मिलिमीटर. मलम पास झालंय.

आत्या : झालं! सत्यवादी आली मोठी.

लेक : मला नाही जमत गं.

बाबा : पास झालं. मला माहीतच होतं. याला चौकट करून लावतो भिंतीवर, पुठ्ठा चांगला आहे माझ्याकडे. आणि अक्का, एवढं असताना तू मला तिकडे पाठवतेस? अण्णा माझा हात धरून गेले होते. तेव्हा आपल्याकडे हे मलम नव्हतं. आता आहे.

आत्या : असतं तरी उपयोग झाला नसता.

बाबा : हे तू म्हणतेस?

आत्या : बरं, जिंकलास. बस. लहानपणी खेळायचो तसं खेळू. डोळे मीट. मी दुखऱ्या पायाचं एक बोट धरते, पट्टीच्या बाहेरचं. कुठलं ते सांगायचं. ओळखलंस तर दवाखान्याचं नाव काढणार नाही. देवाशप्पथ.

बाबा : आता या वयात?

आत्या : घाबरलास?

बाबा : घाबरतोय कशाला? तेव्हा मीच जिंकायचो. घे, मिटले. धर.

आत्या : सांग, कुठलं?

बाबा : करंगळी.

आत्या : नीट सांग.

बाबा : मग तिच्या शेजारचं. तू हलक्या हाताने धरलंयस, चिटिंग करतेस. शेजारचंच. नक्की.

आत्या : पोरी, तूच सांग त्याला.

लेक : बाबा, आत्याचे दोन्ही हात तिच्या मांडीवर आहेत.

बाबा : असं कसं? मला लागत होता हात.

आत्या : डोळे उघडू नकोस. आता धरते. हं. आता कुठलं?

बाबा : धर की मग.

लेक : धरलंय, बाबा.

बाबा : नाही धरलेलं.

आत्या : बघ डोळे उघडून.

लेक : अंगठा आहे. कातडी पांढरी पडलीय, एवढा दाबलाय तिने.

बाबा : सोड. अक्का, सोड तो. मला बघवत नाही.

आत्या : सोडला.

बाबा : मला वाटलं, तुझं औषध लागू पडतंय. दुखत नव्हतं म्हणून.

आत्या : मलाही तेच वाटलं रे. मला वाटायला नको होतं. मी मोठी आहे.

बाबा : म्हणजे कसर कव्हरवर नाही. शिवणीत शिरलीय.

लेक : म्हणजे?

बाबा : पुस्तकाचं सांगतोय. कसर म्हणजे पानं खाणारी कीड. वरची झाडता येते, औषध फासता येतं. शिवणीत गेली की उसवावंच लागतं. चार पानं जातात, पुस्तक राहतं. हे मी रोज लोकांना सांगतो. किती पानं जातील माझी?

लेक : आज गेलो तर एक बोट. डॉक्टर तसं म्हणाले. पुढचं मी वचन देऊ शकत नाही, बाबा. पण आज गेलो तर पायाची आशा आहे.

बाबा : तुझी आत्या वचन दिल्याशिवाय बाटली देत नाही कुणाला.

आत्या : यापुढे नाही. यापुढे बाटली मागायला येईल त्याला आधी साखर आहे का विचारणार, मग डोळे मिटून बसवणार. बोट ओळखलं तर मलम, नाहीतर सरळ दवाखाना. शर्ट घाल तो.

बाबा : हा निळा?

आत्या : कुठलाही. लग्नाला नाही चाललास. पोरी, गाडी बोलाव. चपलेत पाय घालू नकोस रे, उचलून बसवू.

लेक : बोलावलीय. पाच मिनिटांत दाराशी येईल. आत्या, ही मलमाची बाटली पिशवीत कशाला?

आत्या : तिथल्या डॉक्टरला दाखवायला. काय लावलं, किती दिवस लावलं, सगळं सांगणार. माझी चूकसुद्धा. आणि तो तुझा फोटो दे इकडे.

लेक : तोही दाखवणार?

आत्या : मग! नुसती चूकच का सांगू?

बाबा : अक्का.

आत्या : काय रे?

बाबा : त्या पायऱ्या अजून तशाच असतील का गं?

आत्या : असतील. पण तू चढणार नाहीस. तुला खुर्चीतून नेतील, उतारावरून. मी शेजारी असेन.

बाबा : आतपर्यंत?

आत्या : हाकलेपर्यंत. हाकलल्यावर दाराशी.

लेक : आली गाडी. बाबा, माझ्या खांद्यावर हात टाका. सावकाश. आत्या, तू त्या बाजूने बस.

आत्या : बसले. धाकट्या, डोळे मीट.

बाबा : पुरे झाला तो खेळ.

आत्या : मीट म्हणते ना. आता कुठलं बोट धरलंय?

बाबा : करंगळी. हाताची.

आत्या : नक्की?

बाबा : हे कळतंय, अक्का. सोडू नकोस.